तृप्तीच्या वहीतल्या रेघा

१२ जुलै २०२४, शुक्रवार. बांधीत धानाची रोवणी सुरू. लाईट दोनदा गेली. उद्या तृप्तीची नागपूरला फ्रेंचची तोंडी परीक्षा. चार वाजता शेवटची शिकवणी.

एकोडीच्या पंचफुलाबाईंनी एवढं दुपारीच लिहून ठेवलं. नागपूरच्या कॉन्व्हेंटात बोर्डिंगला होत्या तेव्हापासून त्यांची रोजनिशी कधी चुकली नव्हती. काही चुकलं तर वरून एक रेघ मारायची, रबराने खोडायचं नाही, ही तिथल्या सिस्टरची शिस्त. नवरा गेला त्या दिवशीही 'सकाळी ६.१० ला गेले' एवढं लिहून खाली दूध अर्धा लिटर कमी केल्याची नोंद होती.

फ्रेंचही त्याच सिस्टरने शिकवलेलं. क्रियापदाचं मूळ आणि शेवट यांच्यामध्ये उभी रेघ, उच्चाराच्या तुकड्यांखाली कमानी. शेजारच्या तृप्तीची अख्खी वही बाईंनी अशी पेन्सिलीने आखून दिली होती. तृप्ती नर्स. परदेशातल्या इस्पितळात नोकरी ठरली होती, पण तोंडी परीक्षा पास झाली तरच. एकदा ती अडखळून नापास झाली होती. उद्याची संधी शेवटची.

"पेशंटला श्वास घ्यायला सांग," बाई म्हणाल्या.

"रेस्... पि... नाही, रेस्पिर... ए."

"काहून थांबतेस व?"

"रेघ दिसते जी, आजी! डोळे मिटले तरी दिसते. रेघ एकीकडे, कमान दुसरीकडे. तेवढ्यात पेशंट मरून जाईल ना!"

बाईंनी वही जवळ ओढली. रेघ 'रेस्पिर'नंतर, शेवटची कमान 'रे'खाली; एकच 'र' दोन्हीकडे ओढला जात होता. दोन्ही बरोबर होत्या. पण बोलताना दोन्ही कशाला हव्यात? त्यांनी खोडरबर घेतलं.

"तुमी खोडता, आजी?"

"पेन्सिल आहे. शाई नाही."

पहिल्या पानापासून त्या खोडत गेल्या. एका ठिकाणी कागद फाटला, तरी थांबल्या नाहीत. शेवटच्या पानावरची कमानही पुसून त्यांनी छातीवर हात दाबला आणि धापा टाकू लागल्या.

तृप्ती उठली. खांदा धरून म्हणाली, "रेस्पिरे, मादाम, रेस्पिरे!"

कुठेच अडखळली नाही.

"हळू व, खांदा मोडशील. मी काही खरीच मरून नाही राहिली."

त्या संध्याकाळी बाईंनी लिहिलं : तृप्ती उद्या सहाच्या एसटीने जाणार. बिनारेघांचे बोलली. खोडरबर संपले, साकोलीहून आणणे.