भैरवीताईंची फ्रेंच

धाकटी जाऊ अबोली नवऱ्याबरोबर बेल्जियमला गेली, तेव्हापासून बेळगावात वीस वर्षं फ्रेंचचे क्लास घेणाऱ्या भैरवीताईंचा नुसता जळफळाट चालला होता. आपल्या मराठी-कानडीसारखी तिथंही फ्रेंच-डचची ओढाताण, आणि अबोलीनं उचलली ती डच. "फ्रेंच कशी जिभेवर विरघळते. डच म्हणजे सकाळी चूळ भरताना घसा खाकरणं," असं ताई येईल त्याला ऐकवायच्या.

परवा व्हिडिओ कॉलवर अबोलीनं आपली फ्रेंच बोलणारी शेजारीण समोर बसवली. ताई घडाघडा बोलत सुटल्या. शेजारीण थक्क झाली. "फ्रान्समध्ये कुठं राहत होता तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी आमच्या सांबऱ्याच्या विमानतळापर्यंतच गेलेय," ताई अस्खलित फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "हिला पोचवायला."