कावळ्यासमोर दिलेला शब्द

आमच्या ह्यांना, दिवाकररावांना, ब्राह्मणपाऱ्यात सारे 'घड्याळबाबू' म्हणतात. पहाटे साडेपाचला उठणं, बुढा तालाबाला तीन चकरा, बिनसाखरेचा चहा, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकर. सतरा वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. शेजारची अंजनाबाई मला टोमणा मारते, "क्षमा दीदी, भैया से कुछ सीखो." अवं बाई, तुले काय माहीत! हा माणूस तब्येतीसाठी नाही चालत, भीतीनं चालते.

भोपाळपासून तुटून आमचं नवं राज्य झालं, त्या वर्षीची गोष्ट. हे सरकारी बाबू. भोपाळहून रोज कोणी ना कोणी बदलून यायचं, अन् रोज हापिसात मिठाई. ह्यांचीही शुगर वाढलेली. त्यातच ह्यांचे थोरले भाऊ, अच्युतराव, शुगरनंच गेले. आधी पाय कापला, मग माणूसच गेला.

दहाव्याला महादेव घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोर झाडावर बसून नुसता पाहून राहिला. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होते म्हणतात. जावेला सांभाळू, त्यांच्या पोट्टीचं लग्न करू, सारं कबूल करून झालं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी हे हात जोडून ओरडले, "दादा, मी गोड सोडतो! रोज चालतो!" अन् कावळा शिवला.

तेव्हापासून हे चालून राहिले. रस्त्यात मधेच थांबून मागं पाहतात, म्हणतात, "हळू या दादा." मागं कोणी नसते.

परवा मे महिन्यात ह्यांना एकशेतीन ताप. डॉक्टर म्हणाले, खाटेवरून उतरायचं नाही. तरी पहाटे बूट घालून राहिले! मी दारात आडवी झाले.

"मरायचं आहे का तुम्हाले?"

"नाही गेलो तर दादा वाट पाहत बसतीन."

माझं डोकंच फिरलं. कावळ्याचं खरं कळलं तर चालणं सोडतील अन् भावाच्याच वाटेनं जातील, म्हणून सतरा वर्षं गिळलेलं तोंडातून निघून गेलं. "अहो, कावळा तुमच्या शब्दानं नाही आला! पोट्टे भुकेनं रडून राहिले होते. सारे झाडाकडं पाहत होते, तेव्हा मी हळूच पिंडावर पेढा ठेवला. शुगरनं गेलेल्या माणसाला पेढा! कोणत्या तोंडानं सांगणार होते?"

हे खाली मान घालून लेस बांधत राहिले.

"पाह्यलं होतं मी," म्हणाले. "मेल्यावरही दादाले पेढाच पाहिजे होता, क्षमा. दवाखान्यात मीच तर लपवून नेऊन देत होतो. ते मागायचे, मले नाही म्हणता नाही आलं. तेव्हा चालवलं नाही त्याहिले. आता तरी चालवतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडूच फुटलं. ह्यांचे बूट काढले, खाटेवर निजवलं, अंगावर चादर घातली.

"आज मी नेते भाऊजींना," म्हटलं, अन् चपला घालून बाहेर पडले.