नुसती माडीच तर होती

माझा स्वभाव पहिल्यापासून फटकळ. समोरच्याने नको म्हटलं की माझं डोकं फिरतं, मग तो चहा असो नाहीतर जेवण. आमच्या नागावच्या वाडीतून पाव्हणा रिकाम्या तोंडाने गेला असं कधी झालं नाही, हे मी चार बायकांत मान वर करून सांगायचे. आता त्याची लाज वाटते.

नवरा माडी काढतो. पहाटे माडावर चढून मडकी उतरवतो. तेव्हा ती गोड असते. मग ऊन चढेल तशी आंबत जाते आणि दुपारी तिला चांगला फेस येतो. आमच्याकडे तिला कुणी दारू म्हणत नाही. दारू म्हणजे बाटलीतली, दुकानातली. माडी घरची. पोटात आग पडली, घे माडी. उन्हाळी लागली, घे माडी. आंबोळीच्या पिठात माडी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने स्वतःच्या हाताने मला पेला दिला होता, आणि ती बाई दारुड्यांना दारातही उभं करत नसे.

माझा धाकटा भाऊ मिनिडोर चालवायचा. मांडव्याच्या जेटीवर बोटीतून उतरलेली माणसं त्या सहा आसनी रिक्षात भरायची आणि किनाऱ्यावरच्या गावांत सोडायची, हे त्याचं रोजचं काम. आमचा बाप दारूने गेला. त्यानंतर भावाने पालीला जाऊन गणपतीसमोर दारू सोडली आणि अकरा वर्षं थेंबाला शिवला नाही. हळदीला सगळे ग्लास घेऊन त्याच्या मागे लागायचे. हा पठ्ठ्या कोपऱ्यात सरबत पीत बसायचा. मला त्याचा केवढा अभिमान होता!

त्या दिवशी तो दुपारी माझ्याकडे जेवायला आला. एप्रिलचा उकाडा होता, अंगाची नुसती काहिली होत होती. बांगड्याचं कालवण केलं होतं. मी ताटाशेजारी माडीचा तांब्या ठेवला.

"ताई, नको. तीन वाजता जेटीवर जायचंय. गाडी चालवायचीय."

"अरे, माडी काय दारू हाय? ऊन बघ केवढं. पोटाला थंड."

"शपथ हाय ना गं माझी."

"दारूची घेतलीस, माडीची न्हाय. गणपतीला कळतं तेवढं. का आता माझ्या हातचं पण चालत न्हाय? बायकोने शिकवलं वाटतं!"

तो हसला. मला नाराज करायचं त्याच्या जिवावर यायचं, लहानपणापासून. एक पेला प्यायला. दुसरा मी न विचारता भरला. तिसराही मीच.

जेटीच्या रस्त्यावर एका वळणाला चिंचेखाली एक बाई पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला बसायची. मीही तिच्याकडूनच घ्यायचे. भाव करताना आम्ही दोघी हमरीतुमरीवर यायचो आणि शेवटी ती वर दोन सुटे कांदे माझ्या पिशवीत टाकायची. त्या वळणावर भावाचा डोळा लागला. गाडी काही जोरात नव्हती. सरळ जाऊन तिच्या अंगावर चढली. भाऊ पळाला नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसून राहिला, असं लोक सांगतात. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. पोलिसांनी भावाला यंत्रात फुंकायला लावलं आणि रक्त काढायला नेलं.

दिवेलागणीला हवालदार आमच्या वाडीत आले. दुपारी कुठे जेवला, काय प्यायला, विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, देवाशपथ, दारू न्हाय. नुसती माडी. तीन पेले. मीच दिली." त्यांना मडकंसुद्धा दाखवलं. वास घ्या म्हटलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. मी मान हलवली. भावाला सोडवलं याच आनंदात मी त्यांना शहाळं देऊ केलं. अगं बाई, काय ही अक्कल माझी!

भावाच्या वकिलांनी तो जबाब वाचला आणि कपाळाला हात लावला. "बाई, कायद्याला माडी आणि विलायती एकच. रक्तात किती सापडलं तेवढंच बघतात." काही महिन्यांनी रक्ताचा अहवाल आला. सापडायचं ते सापडलं होतं.

तेव्हा मी वकिलांपुढे पदर पसरला. म्हटलं, "साहेब, तो नको म्हणत होता हो. गाडी चालवायचीय म्हणत होता. मीच बळेबळे पाजली. हे मी जजसाहेबांना सांगते. काय शिक्षा द्यायची ती मला देऊ देत."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नका," ते म्हणाले. पोलिसांनी दोन कलमं लावली होती. हयगयीने माणूस मेला, हे एक. धोका कळत असूनही गाडी चालवली आणि माणूस मेला, हे दुसरं, त्यात दहा वर्षांपर्यंत जाता येतं. "तो नको म्हणाला, याचा अर्थ त्याला कळत होतं. तुम्ही त्याचा चांगुलपणा सांगायला जाल आणि त्याला जास्त अडकवाल. आणि तुम्हाला शिक्षा होणार नाही. गाडी तुम्ही चालवत नव्हता."

मी घरी येऊन रडरड रडले. माझ्या भावाने आयुष्यात शहाणपणाचं जे वाक्य उच्चारलं, तेच त्याच्या गळ्याचा फास होतं, आणि ते ऐकलेली मी एकटीच होते.

अलिबागच्या कोर्टात मी सरकारी बाजूची साक्षीदार. पिंजऱ्यात उभी राहिले. किती दिली? तीन पेले. कुणी दिली? मी. त्यावर तो काय म्हणाला, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भाऊ खाली मान घालून उभा होता. हलक्या कलमाखाली त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. लायसन गेलं, परमिट गेलं. भावजय श्रीवर्धनला माहेरी निघून गेली, माझा फोन उचलत नाही. कशाला उचलेल? आता सरकारने वरच्या कोर्टात अपील केलंय, जड कलम लावा म्हणून. म्हणजे माझ्या तोंडाला कुलूप आहेच.

नवऱ्याने माडी काढायचं सोडलं नाही. सोडून खाणार काय? मी मात्र कुणाला पेला देत नाही.

दोन वर्षं मी त्या वळणावरून पायी गेले नाही. यंदा कांद्याचा हंगाम सुरू झाला आणि कशी कोण जाणे, तिथे जाऊन उभी राहिले. चिंचेखाली तिची लेक बसली होती. आईसारखीच मांडी घालून, माळा तशाच टांगून. मी एका माळेला हात लावला.

"मावशी, तुम्ही त्याच्या बहीण ना?"

"व्हय."

ती भांडेल, हाकलून देईल, असं वाटलं होतं. मला तेच हवं होतं. पण तिने नुसतं विचारलं, खरंच कळत नसल्यासारखं, "पिऊन गाडी चालवायची नसते, एवढं पण कळलं न्हाय का वो तुमच्या भावाला?"

कळलं होतं गं माझे बाय, त्यालाच कळलं होतं. मला कळलं नव्हतं. एवढं सगळं माझ्या जिभेवर आलं.

"न्हाय," मी म्हटलं. "न्हाय कळलं त्याला."

तिने माळ काढून माझ्या हातात दिली, आणि वर दोन सुटे कांदे माझ्या पिशवीत टाकले.