तिरके उभे राहणारे भावोजी

विलासचा फोन आला तेव्हा मी वालीवच्या एका गाळ्यात उभी होते आणि समोर माझ्या दिराच्या गिटारवरची प्लास्टिकची प्लेट कापली जात होती. यंत्राच्या घरघरीत धड ऐकू येईना, म्हणून बाहेर रस्त्यावर आले. विलास, म्हणजे माझा नवरा, एवढंच म्हणाला, "अवी गेला गं. ये." मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले… आत यंत्र थांबलं. गाळेवाला दारात येऊन विचारू लागला, "मॅडम, आधा कटा है. पूरा करूँ कि रहने दूँ?" मी म्हटलं, "पूरा कर दो." नंतर घरात किती जणांनी विचारलं, की अशा वेळी तुला ते सुचलंच कसं? कसं म्हणजे काय? भावोजींनीच मला तिथे धाडलं होतं. काम अर्धवट टाकून गेले असते, तर त्यांनीच मला आल्या पावली परत पाठवलं असतं. पण परत पाठवायला ते आता नाहीत, हे रिक्षात बसल्यावर डोक्यात शिरलं. मग मात्र मी मांडीवरच्या त्या प्लेटवर डोकं टेकून रडले.

अविनाश माझा धाकटा दीर. आमची वसईत मोगऱ्याची आणि केळीची वाडी आहे. सकाळी फुलं खुडायची, बाजारात पोचवायची आणि संध्याकाळी लग्नांत इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, हा त्यांचा आयुष्यभराचा दिनक्रम. स्वतः लग्न केलं नाही. कुणी छेडलं की म्हणायचे, "इतक्या लग्नांना हजर राहिलोय, अजून एकाची काय गरज?" मी सातारची. लग्न होऊन आले आणि नालासोपाऱ्याच्या शाळेत गणित शिकवू लागले. माहेरी टाळ-पेटीच्या पलीकडे वाद्य पाहिलेलं नव्हतं. बँडमधला ऱ्हिदम वाजवणारा आखातात निघून गेला, तेव्हा भावोजी ओटीवर मला म्हणाले, "वहिनी, तुम्हांला मोजता येतं ना? बास, निम्मं काम झालं." मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच एक जुनी गिटार माझ्या मांडीवर आणून ठेवली. पुढे शाळेतल्या बाई सुट्टीच्या दिवशी मांडवात गिटार वाजवतात, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना बीजगणितापेक्षा जास्त लक्षात राहिली.

भावोजींचं मांडवातलं उभं राहणं हा आमच्याकडे थट्टेचा विषय होता. सगळा बँड नवरा-नवरीकडे तोंड करून, आणि हे एकटेच तिरके, कधी तर चक्क पाठ करून, कनातीकडे बघत उभे. नवख्यांना वाटायचं, काय शिष्ट माणूस आहे! कारण साधं होतं. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेचं थरथरणं तो पकडतो आणि स्पीकरकडे पाठवतो. भावोजींच्या गिटारमध्ये एकेरी गुंडाळीचे, सिंगल कॉइल म्हणतात तसले, तीन पिकअप होते. आवाज असा की बोटाचं नख लागलं तरी ऐकू यावं. पण हे एकेरी पिकअप तारेबरोबर आजूबाजूच्या विजेची गुणगुणही पकडतात. जनरेटर, रोषणाईच्या माळा, डिमर… मांडवात तर गुणगुणीला तोटाच नसतो. गंमत अशी, की गिटार एका विशिष्ट दिशेला वळवली की ती गुणगुण एकदम विरते. ती दिशा प्रत्येक मांडवात वेगळी. भावोजी सुरुवातीला हळूहळू स्वतःभोवती फिरायचे, एका जागी थांबायचे, मान हलवायचे आणि तिथेच पाय रोवायचे. समोर नवरी असो की खुर्च्यांचा ढीग.

घरीही तेच. आमचा सराव पुढच्या खोलीत चालायचा. फ्रिज, ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर यांच्या कृपेने तिथली शांत दिशा म्हणजे मागचं दार. सासूबाई पुढच्या उंबऱ्याशी गजरे ओवत बसलेल्या असायच्या आणि सगळी मंडळी एकीकडे, धाकटा लेक भलतीकडे हे पाहून दर वेळी आपल्या घरच्या बोलीत विचारायच्या, "यो कटे बगते?" कुठे बघतोय हा? भावोजी दर वेळी मागे न वळता उत्तर द्यायचे, "वाडी बघतो, आये." पहिल्या वर्षी मी भावोजींसमोरच सासूबाईंना कारण समजावून सांगितलं. दोघांनीही ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग माझ्या लक्षात आलं, की इथे कारणाची कुणाला गरज नाही.

या तिरकेपणाची किंमत आम्हांला ते गेल्यावर कळली. फोटोला हार घालायचा, तर चांगला फोटोच मिळेना. वसईतल्या कितीतरी घरांच्या लग्नाच्या अल्बममध्ये भावोजी आहेत, पण सगळीकडे त्यांची पाठ. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी फोनवर फोटो पाठवले. पाठ, पाठ, अर्धा कान, पुन्हा पाठ. विलास बघता बघता हसायला लागला आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. शेवटी लायसन्सवरचा फोटो मोठा करून आणला. त्यात भावोजी समोर बघताहेत खरे, पण कुणीतरी दटावून बसवल्यासारखे.

आजार पोटाचा होता. समजला तेव्हा उशीर झाला होता. हातांतली ताकद जाऊ लागली, तसं त्यांनी एक दिवस गिटार माझ्या खाटेवर आणून ठेवली. "लग्नसराई अंगावर येतेय. आता हिच्यावर तुम्ही वाजवायचं." मी वाजवायला लागले आणि दोनेक महिन्यांत ब्रिजजवळचा, म्हणजे तारा जिथे अडकवतात तिथला, मी सर्वांत जास्त वापरते तो पिकअप बंद पडला. खाऱ्या हवेनं आणि घामानं आतली तार तुटली असावी. मला वाटलं, सोपं आहे. होता तसाच नवा आणायचा आणि बसवायचा. मी तसं म्हटल्यावर ते उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "आधी वायर काढा."

ही त्यांची पद्धत. कुणीही पिकअपबद्दल सल्ला विचारायला आलं, की आधी स्पीकरची वायर काढायला लावायचे. कोऱ्या गिटारवर, नुसत्या लाकडाच्या आवाजात वाजवून घ्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. स्पीकर लावला की माणूस दुसऱ्या कुणासारखा वाजवायला बघतो, म्हणायचे, वायर काढली की आपल्यासारखा वाजवतो. मी वाजवलं. त्यांनी गिटारच्या लाकडाला कान लावला. बराच वेळ ऐकून म्हणाले, "हजेरी घेताय का वर्गाची?"

"म्हणजे?"

"म्हणजे चांगलंय. एकही गैरहजर नाही. पण हात जड आहे तुमचा. खोबरं किसल्यासारखा. मी बोटांनी, हळू वाजवतो, मला एकेरी पिकअप चालतो. तुम्ही बोटांत धरलेल्या पट्टीनं, जोरात, सहाही तारांवर एकदम येता. त्यावर हा पिकअप किंचाळणार. तुम्हांला दोन गुंडाळ्यांचा हवा. हंबकर."

हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी असतात. एकीची गुणगुण दुसरी खोडून काढते आणि आवाज भरदार येतो. मला मात्र ते नको होतं. मला त्यांच्या गिटारमधून त्यांचाच आवाज यायला हवा होता, आणि का हवा होता ते दोघांनाही ठाऊक होतं. मी हट्ट धरला. ते दमले होते, तरी हटले नाहीत. "वहिनी, तुमचा हात बघून घ्या. माझा हात तुमच्या सोबत येणार नाहीये." मी उठून पाणी आणायला गेले… स्वयंपाकघरात उगाचच थांबले. परत आले तेव्हा ते पुढच्या मुद्द्यावर पोचले होते.

त्यानंतरच्या आठवड्यांत आम्ही दोघांनी पिकअप निवडला. नुसते निवडत होतो असं नाही, भांडत होतो. बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा रॉनी, भावोजींचा शाळेपासूनचा मित्र, खूप तगडा, जास्त आउटपुटचा हंबकर घ्या म्हणत होता. भावोजी म्हणाले, "वहिनी आधीच जोरात वाजवतात. त्यात तसला घातला तर सगळे सूर एकत्र शिजून खिमट होईल. कॉर्डमधली एकेक तार वेगळी कळायला हवी." मधल्या ताकदीचा ठरला. एकेरीच्या जागेत बसणारा छोटा हंबकर मिळतो, तोही त्यांनी मागवून ऐकला आणि "गळा बसलाय याचा" म्हणून परत केला. मोठा घ्यायचा तर प्लेटमधलं भोक वाढवावं लागणार. मी म्हटलं, नवी प्लेट करू, ही जुनी तशीच राहू दे. ते म्हणाले, "जुनी कपाटात ठेवून काय तिची पूजा करणार? हीच कापा." बाकीचे दोन पिकअप मात्र ठेवायचे ठरले. म्हणजे खटका एका बाजूला केला की माझा आवाज, दुसऱ्या बाजूला केला की त्यांचा. वालीवचा गाळा त्यांनीच शोधून दिला. मी निघताना त्यांनी झोपल्या झोपल्या हात वर केला. तेच शेवटचं.

बाराव्या-तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि खरी अडचण समोर आली. सासूबाईंनी गिटार फोटोशेजारी उभी केली होती. कापलेली प्लेट मी परत बसवली होती, तिच्या भोकावर त्यांनी मोगऱ्याची वेणी घातली होती. मी एकदा उचलायला गेले, तर म्हणाल्या, "त्याची वस्तू हाय. हात नको लावू."  त्याच संध्याकाळी रॉनी आला. त्यानं मुंबईभर हिंडून भावोजींच्यासारखाच जुना एकेरी पिकअप मिळवला होता, नव्या प्लेटसकट. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "वैनी, हाच टाकू या. लोक अवीचा साउंड मागतात रे… बुकिंग घेतलंय आपण."

मोह झाला नाही असं कशाला म्हणू? झाला. तो पिकअप हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मग विचारलं, "रॉनी, मी इतके महिने याच गिटारवर वाजवतेय. जुनाच पिकअप होता तेव्हाही वाजवलं. एकदा तरी भावोजींसारखं वाटलं?" रॉनीनं खाली बघितलं. "नाय," म्हणाला. खोटं बोलला असता तर मला राग आला असता. मी तो पिकअप त्याच्या हातात परत दिला आणि सांगितलं, "तुझ्या भाच्याच्या गिटारला लाव. इथे आम्ही दोघांनी ठरवलंय तोच बसणार."

सासूबाईंशी बोलणं त्याहून कठीण होतं. सकाळी फुलं खुडायला त्यांच्याबरोबर वाडीत गेले. दोन वाफे खुडून झाले. मग मी म्हटलं, "आई, गिटार नुसती उभी राहिली तर या हवेत तिच्या तारा गंजतील. पाऊस लागला की लाकूड फुगेल. तुम्ही रोज हार घाला, मी नाही म्हणत नाही. पण ती मरू द्यायची नाहीये मला. एक गेला तेवढं पुरे." जरा जास्तच बोलले, असं वाटलं. त्या फुलं खुडत राहिल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी स्वतःच वेणी काढली आणि माझ्याकडे न बघता ओल्या फडक्यानं गिटार पुसू लागल्या. मी ओल्या फडक्याच्या जागी कोरडं दिलं.

रॉनीनंच ओटीवर बसून डाग देऊन हंबकर जोडला. परवाच्या रविवारी पहिला सराव ठेवला. पुढच्या खोलीत तीच माणसं, एक कमी. सासूबाई उंबऱ्याशी गजऱ्याची परडी घेऊन. मी मंडळींकडे तोंड करून उभी राहिले आणि वाजवलं. गुणगुण नाही, किंचाळणं नाही. जड हाताचा भरदार, स्वच्छ आवाज. हजेरीत एकही गैरहजर नाही. हे ऐकायला ते हवे होते… नव्हते. तरी हा आवाज माझा होता आणि तो त्यांनी निवडला होता, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. मी अजून जोरात वाजवलं.

मग ती संथ धून आली, वरातीआधी भावोजी एकटे वाजवायचे ती. रॉनी म्हणाला, "ही आज सोडू या." मी म्हटलं, "नाही. वाजवायची." खटका दुसऱ्या बाजूला केला. लगेच गुणगुण सुरू झाली. सगळ्यांनी ओळखली. कितीतरी दिवसांत आमच्या घरात तो आवाज झाला नव्हता. पट्टी खिशात टाकली, बोटं तारांवर ठेवली आणि हळूहळू वळायला लागले. विलासकडून फ्रिजकडे, फ्रिजकडून भिंतीकडे… मागच्या दारापाशी गुणगुण विरली. समोर वाडी होती. मोगऱ्याचे वाफे, विहिरीचा कठडा, उन्हात वाळत घातलेली गोणपाटं. हे ते इतकी वर्षं बघत होते. मी तिथेच पाय रोवले.

मागून सासूबाईंचा आवाज आला. सवयीनंच, नेहमीच्याच मोठ्या सुरात.

"आता ही कटे बगते?"

 विचारताच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण परडी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी मागे न वळता सांगितलं, "वाडी बघते, आई."

 मग त्या म्हणाल्या, "वाजव."

मी त्यांच्याकडे पाठ करूनच वाजवलं.