अक्कांचा अर्धा तास

लग्नानंतर आम्ही दोघं पचमढीला गेलो, तेव्हा अक्काही आल्या होत्या. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. आमच्या यांना शाळेत असतानाच डायबिटीस झाला. सासूबाईंना सुई बघूनच घेरी यायची, म्हणून टोचायचं काम अक्कांनी घेतलं आणि पुढे कुणालाच दिलं नाही. नागपूरचं चांगलं स्थळ त्यांनी नाकारलं आणि इथे उज्जैनलाच माधव नगरात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, संसार थाटला. पचमढीत आम्ही सूर्यास्त पाहायला निघालो की त्या म्हणायच्या, "सुनंदा, दिनूच्या सुईची वेळ झाली. सूरज काय, उद्या परत डुबेल."

मी टोचायला शिकते म्हटलं तर हे म्हणायचे, "अक्का येते की." आणि अक्का म्हणायच्या, "सुई कोणीही टोचेल गं. मागून निगरानी करावी लागते."

ती निगरानी म्हणजे अर्धा तास. ते जुनं इन्सुलिन टोचल्यावर अर्धा तास थांबूनच जेवावं लागे. अक्का सकाळ-संध्याकाळ यायच्या, बाटलीतलं औषध सिरिंजमध्ये ओढायच्या, टिचकी मारून बुडबुडा घालवायच्या, टोचायच्या आणि दिवाणावर भैरवगढच्या छापाच्या चादरीवर मांडी घालून बसायच्या. मग बहीण-भाऊ बोलत. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असे, कान मात्र बाहेर. माझ्याशी मोजकं बोलणारे हे गृहस्थ तिथे खळखळून हसत. मी पाणी घेऊन गेले की दोघं गप्प. यांनी भोपाळची बढती नाकारली हेही मला अक्कांकडून कळलं, मेथी निवडता निवडता. "अगं, तुला बोलला नाही? मीच म्हटलं त्याला, छोड, उज्जैन काय वाईट आहे?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सवत असती तर भांडता तरी आलं असतं. नवऱ्याचा जीव राखणाऱ्या नणंदेशी कोणत्या तोंडाने भांडणार?

बरं, बाई वाईट म्हणावी तर तेही नाही. माझ्या बाळंतपणात अक्कांनी माझं आईसारखं केलं. डिंकाचे लाडू करून स्वतः समोर बसून खाऊ घातले. लाडू छान होते, पण हेवा काही गेला नाही.

मग ते इन्सुलिन कंपनीने बंदच केलं. देवास गेटचा दुकानदार म्हणाला, "आंटीजी, अब नहीं आएगी. कंपनी ने ही बंद कर दी." अक्कांनी सगळं उज्जैन पालथं घातलं, मुलाला इंदूरला पिटाळलं. मिळाल्या तेवढ्या बाटल्या आमच्या फ्रीजमध्ये ठेवत यांना म्हणाल्या, "परेशान नको होऊ, देख लेंगे." पण आवाज नेहमीचा नव्हता. जन्मभर अंगवळणी पडलेलं औषध. नवं मानवेल की नाही, ही भीती मलाही होती. बाटल्या संपल्यावर डॉक्टरांनी पेनमधलं नवं इन्सुलिन दिलं आणि आम्हा तिघांना बजावलं, "ये जल्दी असर करती है. सुई लगाई कि थाली सामने. रुकना नहीं है."

खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात त्या कंपनीचे आभार मानले. अक्कांचा अर्धा तास गेला होता.

अक्का पेन चटकन शिकल्या. थोडे दिवस नीट गेले. एका संध्याकाळी मात्र टोचून झाल्यावर त्या सवयीने मांडी घालून बसल्या आणि कुठल्याशा लग्नाची गोष्ट सुरू झाली. मी ताट वाढून हाक मारली. पुन्हा मारली. "येतोय गं तो, जल्दी कशाची? दवाई आपल्या जागेवर जाऊ दे," अक्का म्हणाल्या, आणि हेही हसत बसून राहिले. मी ताट घेऊनच बाहेर आले, तोवर यांना दरदरून घाम फुटला होता, शब्द अडखळत होते. मी साखरेचं पाणी पाजलं. रंग परत आला, तेव्हा अक्कांनी पदराने यांचं कपाळ पुसलं आणि पेन माझ्या हातात ठेवलं.

"आता तू कर. माझा हात जुन्या दवाईचा आहे."

मी जिंकले. दुसऱ्या दिवसापासून मी टोचू लागले. टोचलं की ताट, ताट संपलं की हे उठून पेपर उघडत. आमच्यात एक शब्द जास्तीचा झाला नाही. वर हे संध्याकाळी 'फेरी मारून येतो' म्हणून अक्कांकडे जाऊन बसू लागले. पूर्वी निदान माझ्या घरात बोलत होते, भिंतीआडून चार शब्द कानावर तरी पडत. आता तेही गेले.

हिवाळ्यात अक्का गेल्या. हार्ट अटॅक, कुणाला निगरानीची संधीच दिली नाही.

दिवसवार झाल्यावरच्या एका संध्याकाळी मी पेन घेऊन आले, तर हे म्हणाले, "थोडी बस. मग टोच, मग वाढ." मी दिवाणावर बसले. हे बोलू लागले. इतकं माझ्याशी कधी बोलले नव्हते, आणि सगळं अक्कांबद्दल. मी जळत होते आणि ऐकत होते. शेवटी टोचलं, तेव्हा हे म्हणाले, "तू टोचतेस ते कळतही नाही. अक्काचा हात जड होता. फार दुखायचं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिनं यायचं सोडलं असतं."

मी ताट वाढायला उठले. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. पण माझ्यासाठी यांना कधी काही सोसावंच लागलं नाही.