टाके घातलेली होडी

रेझिनचा वास गोड असतो, पण त्या गोडव्याला धार असते. जास्त पिकलेल्या अननसावर कुणी रॉकेल शिंपडावं, तसा तो नाकातून थेट कपाळात चढतो. त्या दुपारी मसुऱ्याकडच्या खाडीकाठी, आमच्या कामाच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, तो कोंडून राहिला होता आणि आम्ही चौघं एका उपड्या होडीभोवती उभे होतो. खरं तर होड्या दोन होत्या. आत आंब्याच्या लाकडाची, बाहेर फायबरची. बाहेरची निघता निघत नव्हती.

गोष्ट पंच्याऐंशीच्या सुमाराची. फायबरच्या होड्या किनाऱ्यावर नुकत्या दिसू लागल्या होत्या आणि त्या बांधायला शिकवणाऱ्या एका केंद्रात मी टेक्निकल असिस्टंट होते. काम सांगायला सोपं आहे. होडीच्या आकाराचा साचा घ्यायचा, त्यावर मेणाचं पॉलिश चढवायचं, मग काचतंतूंची मॅट अंथरून तिच्यात रेझिन जिरवायचं. ते कडक झालं की कवच उचलून घ्यायचं. मेणामुळे ते साच्याला चिकटत नाही. आमच्याकडे मोठ्या होड्यांचे साचे होते. खाडीत एकट्या माणसाने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीचा मात्र नव्हता. म्हणून जुनी होडीच साचा म्हणून वापरायचं ठरलं.

ती दिली आनंदीकाकींनी. एका खोडातून कोरलेल्या त्या होडीतून त्या खाडीतल्या खडकांवर जात, कालवं काढत आणि पलीकडच्या काठावर विकत. तळ झिजून पातळ झाला होता, त्यामुळे नवी त्यांना हवीच होती.

"पण बाय, माजी होडी माका आसा तशी परत व्हयी," त्यांनी बजावलं होतं. "तुमची नवी चलली नाय, तर मी काय परातीत बसून जांव?"

मी शब्द दिला होता.

मॅट थेट काठापर्यंत न्यायचा हुकूम आमच्या साहेबांचा. कारखान्यातल्या होड्या वाडग्यासारख्या वर उघडत जातात. त्यांना ते चालतं. खोडातून कोरलेली होडी मात्र खोडासारखीच गोल असते. पोटाला रुंद, काठाशी आत वळलेली. उपडी घातली की डोळ्यांना दिसतं ते फक्त पोट; काठ आत वळल्याने कवचाचं तोंड पोटापेक्षा अरुंद झालं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाबुली मेस्त, आमचे सुतार, यांनी कवचावर टिचकी मारली आणि ते गालातल्या गालात हसले.

"घागरीक भायरसून लिपलात, बाईनू. आता घागर खंयसून काढतलात?"

साहेबांना हसू येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून वरिष्ठ डेमॉन्स्ट्रेशन पाहायला यायचे होते.

"आतली कापा," ते म्हणाले. "जुनं लाकूड आहे. नवी मिळणारच आहे ना त्यांना?"

काकी पदर खोचून पुढे आल्या. "सायबानू, तुमची तरंगता की बुडता ता अजून खाडीक म्हायत नाय. आणि माजी कापतलात?"

"साहेब, कापायची तर आपली कापू," मी म्हटलं. "तळाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन फाका सुटतील, मग त्या जोडू."

"आणि जोड गळला तर?"

"तर काकींची होडी शाबूत असेल."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. मेस्तांनी तोच होकार धरला आणि हॅक्सॉ उचलली. धोका एकच: पात्याचा हात जड पडला तर खालचं लाकूड चिरणार. फायबरचा भुसा पांढरा, आंब्याचा पिवळट. काकी पात्याशी नाक लावून बसल्या. भुशात जरा पिवळी झाक आली, की त्या मेस्तांच्या मनगटावर चापट मारत.

"थांब रे! माज्या पोटात सुरी घालतंस काय?"

"काकी, तुमी आधी श्वास घेवा. माकाच घाम फुटलो."

शेवटी लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकल्यावर, वाळलेली शेंग उकलावी तसा चटकन आवाज झाला आणि दोन्ही फाका सुटल्या. आतल्या अंगावर जुन्या होडीच्या तासणीचे घाव जसेच्या तसे उमटले होते. मी त्यांवरून बोट फिरवत होते, तेव्हा काकी आपल्या लाकडी होडीचा तळ चाचपत होत्या. ओरखडाही नव्हता.

पुढचा प्रश्न जोडाचा. एवढ्या वाकड्या कडा एकमेकींना चिकटवून धरील असा एकही क्लॅम्प आमच्याकडे नव्हता. पण इथे फळ्यांच्या होड्या काथ्याने शिवल्या जातात, हे मी रोज पाहत होते. मेस्तांनी गिरमिटाने दोन्ही कडांना भोकं पाडली. जाळ्याचा नायलॉन दोरा घेऊन काकी आतून आणि मी बाहेरून, अशा आम्ही शिवत गेलो.

साहेब डोकावले. "ही होडी आहे की गोधडी?"

"टाक्यांवर दोन्ही बाजूंनी फायबर चढणार आहे, साहेब."

"मी रिपोर्टात काय लिहू? होडीला टाके घातले?"

"लिहा, पेशंटची प्रकृती स्थिर आहे."

या वेळी त्यांनाही हसू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरतीला होडी खाडीत उतरली. जुनीची उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधायचा लाकडी तरंगा, तात्पुरती नवीला बांधली होती. नारळ वाढवला, कुंकू लावलं. मुंबईच्या पाहुण्यांनी शिवणीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना ती नक्षी वाटली असावी. तेव्हापासून प्रत्येक नव्या तुकडीला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत आले: साचा निवडताना त्याच्या पोटावर भुलू नका, आधी तोंड मोजा.

पण त्या सकाळी कसला धडा सुचायला मी भानावर नव्हते. काकी खाडीच्या मध्यावर पोहोचल्या होत्या. त्यांनी वल्हं आडवं ठेवलं, वाकल्या आणि तळावरून, शिवणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तळवा फिरवला. मला राहवलं नाही.

"काकी, पाणी येता काय?"

त्यांनी तळवा गालाला लावून पाहिला आणि ओरडून सांगितलं,

"सुकी!"