‘च’ची भाषा

बायकोच्या मामांची पहिली भेट झाली तेव्हा ते हिरवे होते, त्यांना तीन डोळे होते आणि ते टीव्हीवर पृथ्वी गिळायला निघाले होते. मामा त्या अंतराळ-मालिकेचे शिंपी. राक्षसाचा नट आला नाही, म्हणून स्वतःच शिवलेल्या रबरी पोशाखात शिरले. राक्षस बोलायचा पोरांची ‘च’ची भाषा, त्यामुळे तो भाग सगळ्यांत टुकार ठरला. तो पुन्हा कधी लागला की मामा उठून जात. काल गुडघ्यांनी उठू दिलं नाही.

शेवटी राक्षस पाठीकडे हात नेत ‘चेन, चेन’ ओरडला. आम्ही हसलो.

“मामा, हा कुठला शब्द?”

“चेनच. पाठीची अडकली होती, श्वास मिळेना. दिग्दर्शक म्हणाले, छान, चालू द्या.”

पडद्यावर राक्षस कोसळला. त्याची बोटं हळूहळू थांबली.

त्या शूटिंगनंतर मामा इस्पितळातून घरी आले तोवर मालिका बंद पडली होती.